साळवे सरांची काळी चार

संगीत सभेच्या उद्घाटनाला आलेले पाहुणे हमखास सांगतात की सूर म्हणजे साक्षात ईश्वर, आणि तो कधी खोटं बोलत नाही. समोरचे लोक माना डोलावतात. मीही डोलावतो, पण माझं लक्ष पाहुण्यांकडे नसतं. स्टेजवरची पेटी मी दुरुस्त करून दिलेली असते आणि ती कार्यक्रम संपेपर्यंत टिकेल का याची मला काळजी असते. माझ्या दुकानात हा ईश्वर करंगळीएवढ्या पितळी पट्टीच्या रूपात येतो. तिच्यावर हिरवा गंज असतो, बऱ्याचदा उंदराचं मूत असतं. पातीनं दोन वेळा खरवडलं की तो सांगाल ते बोलतो.

नगरला मी गेली चाळीस वर्षं पेट्या दुरुस्त करतो. आता काम कमी केलं आहे. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की चार हजारांच्या वरची कंपनं मला ऐकू येत नाहीत. पेटीतला सगळ्यात बारीक सूर हजाराच्या थोडाच वर असतो, त्यामुळे धंद्याला धक्का नाही. केडगावला घरामागे पूर्वी रातकिडे असायचे, ते हल्ली नाहीसे झाले असं मी धरून चाललो होतो. बायको म्हणाली, आहेत.

ज्यांनी पेटी कधी उघडून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पेटीच्या आत पितळेच्या पट्ट्या ओळीनं बसवलेल्या असतात. प्रत्येकीत एक जीभ असते, एका टोकाला पक्की, दुसऱ्या टोकाला मोकळी. आम्ही त्या आख्ख्या वस्तूलाच 'सूर' म्हणतो. भात्यातली हवा आली की जीभ थरथरते. जीभ लांब आणि जड असली तर सावकाश थरथरते, आवाज खर्जातला येतो. आखूड असली तर भरभर थरथरते, आवाज बारीक येतो. एका सेकंदात किती वेळा थरथरते तो तिचा आकडा. जिभेच्या टोकाशी खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. माझी सगळी विद्या एवढीच आहे. बाकी सगळा संयम. खरवडलेलं पितळ परत चिकटवता येत नाही.

आवाज लहानमोठा करणं ही वेगळी गोष्ट, आणि लोक तिच्यासाठी जास्त येतात. मिरजगावकडच्या एका भजनी मंडळाचे बबनराव एकदा पेटी घेऊन आले.

"मिस्त्री, हिचा आवाज वाढवून पायजे."

"किती?"

"समोरच्या आळीचा डीजे दबला पायजे."

मी त्यांना बसवून डेसिबल समजावून सांगितला. आवाजाच्या जिन्यावर दहा पायऱ्या चढलं की जोर दसपट होतो. वीस चढलं की शंभरपट. पेटी शेजारी बसून वाजवली तर ऐंशीच्या पायरीला जाते. डीजेच्या भिंतीपुढं उभं राहिलं तर एकशेदहा सहज. मधल्या तीस पायऱ्या म्हणजे हजारपट जोर.

"मंजी हजार पेट्या लागत्याल," बबनराव म्हणाले.

"एकदम वाजवल्या तर."

त्यांनी थोडा विचार केला. "आमच्याकडं दोनच हाईत. त्यातली एक ही, बिघडल्याली."

मग मी ती एक दुरुस्त करून दिली. भात्यात उंदरानं पिल्लं घातली होती. ती त्यांनी दुकानाबाहेर नेऊन अलगद सोडली आणि जाताना म्हणाले, "यांच्यामुळंच बसला व्हता आवाज. डीजेचं काय न्हाई." मंडळ अजून चालू आहे. डीजेही चालू आहे.

आवाजाच्या जोराबद्दल माणूस असा मोकळेपणानं बोलतो. पट्टीबद्दल बोलत नाही. पट्टी म्हणजे गाणाऱ्यानं आपला 'सा' कुठे धरायचा ती जागा. पेटीवर काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या असतात, त्या मोजून आम्ही नावं ठेवतो: पांढरी एक, काळी दोन, असं. काळी चारचा खालचा सूर सेकंदाला दोनशे आठ वेळा थरथरतो. तिच्या खालची पांढरी पाच, एकशे शहाण्णव. तिच्या खालची काळी तीन, एकशे पंच्याऐंशी. शेजारच्या दोन सुरांत शेकडा सहाचा फरक असतो. कागदावर फार नाही. पण वय वाढतं तसा गळा जाड होतो, वरचे सूर आधी जातात, आणि पट्टी खाली घ्यावी लागते. माणसं केस पांढरे झाल्याचं सांगतात, गुडघे गेल्याचं सांगतात. पट्टी उतरल्याचं सांगत नाहीत. काही वर्षं खोकला झालाय म्हणून सांगतात.

साळवे सर सात वर्षांपूर्वी दुकानात आले ते असं काही सांगत नव्हते. ते घोडेगावजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, तेव्हा निवृत्त झालेले. त्यांची बायको त्याच शाळेत शिक्षिका. शाळेतली सवय घरात आलेली, त्यामुळे ते तिला 'बाई' म्हणत आणि ती त्यांना 'सर'. गावातल्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला बाई गाणी धरायच्या आणि सर पेटी वाजवायचे. चाळीस वर्षं हाच क्रम. चर्चकडे स्वतःची पेटी नव्हती. सरांचीच पेटी रविवारी सायकलीवरून जायची आणि यायची. एकोणचाळीस पट्ट्यांची, दर पट्टीला दोन सूर असलेली जुनी पेटी, लाकूड उत्तम.

गोधडीत गुंडाळलेली पेटी त्यांनी टेबलावर ठेवली. मी वाजवून पाहिली. काही बिघडलं नव्हतं.

"काय होतंय हिला?"

"हिला काही नाही होत. एक पट्टी उतरवून द्यायची."

"कुठली?"

"सगळ्या."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. काळी चार दाबली की पांढरी पाचचा आवाज यावा, पांढरी पाच दाबली की काळी तीनचा, अशी सगळी पेटी एकेक घर खाली. मी म्हटलं, "सर, त्यापेक्षा पांढरी पाचवरून वाजवा की. फुकटात काम होईल."

"बाई शेजारी बसतात. माझा हात बघतात." मग म्हणाले, "आणि मला दुसऱ्या पट्टीवरून वाजवता येत नाही. चाळीस वर्षं काळी चारच वाजवली."

सरकत्या पट्ट्यांची पेटी मिळते, तिच्यात दांडी ओढली की सगळं एक घर खाली जातं. पण ते सरकलेलं डोळ्यांना दिसतं. तेही त्यांना चालणार नव्हतं.

झालं होतं असं. बाईंचा आवाज वर अडायला लागला होता. त्यांना वाटत होतं सर्दी आहे. सरांनी ओळखलं होतं की सर्दी नाही. आणि बाईंनी पूर्वीच, बायकांच्या मंडळात सगळ्यांसमोर, सांगून ठेवलं होतं: ज्या दिवशी काळी चार सुटेल त्या दिवशी मी मागं जाऊन बसेन, देवापुढं मोडका आवाज नेणार नाही. बाई शाळेत असताना एका मार्कानं नापास झालेल्या मुलाला नापासच ठेवायच्या. त्या बोलल्या तसं करणार याबद्दल गावात कुणाला शंका नव्हती.

"बाईंना न सांगता करायचं?" मी विचारलं.

"सांगून करायचं असतं तर त्यांनाच घेऊन आलो असतो. होईल का नाही तेवढं सांगा."

"कानाला कळेल त्यांच्या."

"कळेल?"

मी विचार केला. खरं म्हणजे कळत नाही. आपला कान एकेका सुराचा आकडा ओळखत नाही, दोन सुरांमधलं अंतर ओळखतो. सगळं घरच्या घर वीतभर खाली बसलं तरी दाराची उंची तेवढीच राहते. हजारात एखाद्याच्या गळ्यात आकडा पक्का बसलेला असतो. बाई त्यातल्या नव्हत्या. पट्टी सांभाळण्याबद्दल सगळ्यात कडक असणारे लोक सहसा त्यातले नसतात. ते पेटीवर विश्वास ठेवतात.

अठ्ठ्याहत्तर सूर. प्रत्येक काढायचा, मुळाशी खरवडायचा, जाड सुरांना टोकाशी वजनासाठी डाखाचा, म्हणजे कथलाचा, बारीक थेंब द्यायचा, बसवायचा, पुन्हा तपासायचा. दोन सूर जवळजवळ सारखे असले की एकत्र वाजताना आवाज हलतो, भरतो आणि ओसरतो. जितका फरक तितक्या लाटा. लाट थांबेपर्यंत खरवडत राहायचं, आणि थांबली की हात मागे घ्यायचा. चार दिवस लागले. इतकं नीट काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही. कुणाला दाखवता न येणारं काम माणूस जास्त चांगलं करतो की काय, माहीत नाही. मला तेव्हा त्या कामाचा अभिमान वाटला हे मात्र खरं.

दोन महिन्यांनी भात्याचं कातडं बदलायला मी त्यांच्या गावी गेलो. नाताळच्या गाण्यांची तालीम होती. तालमीआधी बाईंनी मला चहा दिला.

"मिस्त्री, पेटीला काय केलंत हो?"

मी कप खाली ठेवला.

"हलकी झाली. हात चांगला बसलाय तुमचा. आवाज कसा मोकळा निघतो आता. सर्दी पण गेली."

सर भात्याकडे बघत होते.

सर पेटी घेऊन चर्चमध्ये यायच्या आत बायका जमल्या होत्या. रूथमावशी नावाच्या एक बाई होत्या, शेतात राबणाऱ्या, शाळा दुसरीपर्यंत. साळवे बाईंच्या लहानपणापासूनच्या मैत्रीण. त्यांनी बसल्या बसल्या गाणं धरलं, पेटीशिवाय. बाकीच्यांनी उचललं. दुसऱ्या ओळीला सरांनी भाता उघडला आणि काळी चार दाबली. गाणं वर आणि पेटी खाली. सगळं विस्कटलं.

रूथमावशींचा गळा त्या हजारातल्या एकीचा होता. त्यांनी काळी चार धरली होती. खरी, दोनशे आठची.

बाई म्हणाल्या, "रूथ, चढलीस तू."

"न्हाई चढले. म्या इथंच धरते."

"पेटी काय खोटं बोलते का? पुन्हा धर."

त्यांनी पुन्हा धरली. पुन्हा तिथंच. कुणीतरी हसलं.

"कान तपासून घे गं," बाई म्हणाल्या. रागानं नाही, शाळेत म्हणतात तसं. "तोवर मागं बस. पुढं बसलीस की सगळ्या चढतात."

रूथमावशी उठून मागच्या चटईवर गेल्या. सर खाली मान घालून सूर धरून बसले होते. मी भिंतीला टेकून उभा होतो. त्या चर्चमध्ये त्या क्षणाला दोन माणसांना माहीत होतं की बाई चुकतायत आणि रूथमावशी बरोबर आहेत. दोघेही पेटीवाले. दोघेही गप्प बसलो. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "समजावीन मी रूथला कधीतरी." मला वाटतं त्यांनी कधीच समजावलं नाही. रूथमावशी तालमीला यायच्या बंद झाल्या. रविवारी यायच्या, शेवटच्या रांगेत, पुस्तक उघडून, तोंड मिटून.

तीन वर्षांनी सर पुन्हा गोधडी घेऊन आले. मी त्यांना पाहूनच म्हटलं, "नाही."

"एकदाच आणखी."

"सर, पितळ राहिलं नाही त्यात. मुळाशी कागद झालाय. तुटतील."

"किती दिवस चालतील?"

"सांगता येत नाही."

"आमचं तरी कुठं सांगता येतं," सर म्हणाले. त्यांना दम लागत होता. दुकानाच्या तीन पायऱ्या चढून आले होते.

मी केलं. काळी चार दाबली की आता काळी तीन वाजत होती, एकशे पंच्याऐंशी. पुढच्या दोन वर्षांत तीन सूर तुटले, तिन्ही वेळा मी जाऊन बसवून आलो. प्रत्येक वेळी बाई म्हणाल्या की जुन्या वस्तूला आता पूर्वीसारखा माल मिळत नाही. मी म्हटलं, नाही मिळत.

मग सर गेले. झोपेतच, कुणाला त्रास न देता.

आठव्या दिवशी चर्चमध्ये स्मरणाची उपासना होती. मी गेलो. गेटवर फ्लेक्स लावला होता, त्यावर सरांचा फोटो आणि खाली 'स्वरमहर्षी'. सरांना तीन तालांपलीकडे काही येत नव्हतं आणि ते तसं सांगायचे. सरांच्या पेटीला हात लावायची कुणाची तयारी नव्हती, म्हणून चर्चच्या पाळकसाहेबांनी नगरहून आपल्या मेहुण्यांना बोलावलं होतं, त्यांच्या पेटीसकट. नवी पेटी, कारखान्यातून आल्यासारखी सुरात.

बाई उभ्या राहिल्या. मेहुण्यांनी अदबीनं विचारलं, "पट्टी?"

"काळी चार," बाई म्हणाल्या.

मी चौथ्या रांगेत होतो. उठून दहा पावलं जायचं होतं आणि त्या माणसाच्या कानात सांगायचं होतं, काळी तीन धरा. बाईंनी त्यांचा हात पाहिला असता, विचारलं असतं, आणि मला सगळं सांगावं लागलं असतं, सरांच्या फोटोपुढे. मी उठलो नाही. मेहुण्यांनी काळी चार दाबली.

पहिल्या दोन ओळी खालच्या होत्या, त्या निभावल्या. तिसरी ओळ वरच्या गंधारावर जाते. तिथं पाचशे तेवीस लागत होते. गेली काही वर्षं बाई चारशे सहासष्टवर थांबत होत्या आणि त्यालाच तो गंधार समजत होत्या. आवाज वर गेला आणि फाटला. त्या थांबल्या, पुन्हा त्या ओळीच्या सुरुवातीला गेल्या. पुन्हा तिथंच फाटला. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग फोटोकडे, आणि बसल्या.

चर्चमधलं एकूणएक माणूस रडलं. पाळकसाहेबांनी नंतर सांगितलं की सरांबरोबर बाईंचा सूरही स्वर्गात गेला. बाहेर सगळे तेच बोलत होते. दुःख माणसाचा गळा कसा धरतं ते. मीही डोळे पुसले. पण मला माहीत होतं की दुःखानं एवढा अचूक दोन पट्ट्यांचा फरक पडत नाही.

बाईंनी गाणं सोडलं. पेटी घरी, गोधडीखाली. रविवारी बायका ढोलकीवर आणि टाळावर गायच्या, कशाबशा. मला हे त्या बाजूचे गिऱ्हाईक सांगायचे. मी वर्षभर काही केलं नाही. सांगितलं तर सरांचा विश्वास मोडणार, आणि नाही सांगितलं तर बाई असंच समजत राहणार की आवाज एका दिवसात गेला. तो गेला नव्हता. काळी तीनवर तो होता तिथंच होता. बाई उद्या गाऊ शकल्या असत्या. ही गोष्ट जगात फक्त मला ठाऊक होती, आणि मी सत्तरीला आलो आहे.

शेवटी यंदा एसटीनं घोडेगावला उतरलो आणि गेलो. बाई एकट्या राहतात. मी सांगितलं. आधी पहिली वेळ, मग दुसरी. त्यांनी मध्ये तोडलं नाही. शाळेतल्या मुलाचा खुलासा ऐकतात तसं ऐकलं.

"म्हणजे सर्दी नव्हती," त्या म्हणाल्या.

"नाही."

"आणि सर रोज शेजारी बसून..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मला वाटलं आता त्या सरांवर रागावतील, किंवा माझ्यावर. मी दोन्हीची तयारी करून आलो होतो. मी म्हटलं, "बाई, काळी तीनला तुमचा आवाज अजून चांगला आहे. तुम्ही गा."

त्यांनी ते ऐकलंच नाही. म्हणाल्या, "पहिल्यांदा उतरवली ती कधी? त्या नाताळच्या आधी?"

"दोन महिने आधी."

"म्हणजे रूथ बरोबर होती."

त्यांनी चपला घातल्या. मला वाटलं होतं मी सरांचं गुपित फोडायला आलोय. मी रूथमावशींना विसरून गेलो होतो. बाई विसरल्या नव्हत्या.

रूथमावशी अंगणात शेपू निवडत होत्या. बाईंनी उभ्यानंच सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता, आणि म्हणाल्या, "माझं चुकलं. सगळ्यांसमोर चुकलं. मी सगळ्यांसमोर सांगेन."

रूथमावशी निवडत राहिल्या. "बस ना. हुबी का?"

बाई बसल्या.

"तवा म्या घरी येऊन म्हनलं, माजा कान गेला. हे म्हनले, वय झालं, जायाचाच. म्या मानलं." त्यांनी एक काडी मोडली. "मग भाकरी थापताना बी तोंड मिटून. चुकीचं कशाला गायचं."

"इतकी वर्षं?"

"व्हय."

बाईंनी शेपूची एक जुडी ओढून निवडायला घेतली. मग बाई म्हणाल्या, "रविवारी तू धर. मी मागं बसते."

"आन् पेटी?"

"पेटी मी वाजवीन. काळी चारवरून येते मला. बघून बघून." मग त्या माझ्याकडे वळल्या. "मिस्त्री, पेटी घेऊन जा. नवे सूर घाला, होती तशी करून आणा. आता उतरवलेली पेटी नको या घरात." आणि रूथमावशींना म्हणाल्या, "धर एकदा. धर ना."

"आत्ता? शेपू हाय हातात."

"धर गं."

रूथमावशींनी शेपू खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि 'सा' धरला. इतक्या वर्षांनी, बसलेल्या गळ्यानं, पण स्थिर. डोळे मिटलेले. बाईंचेही मिटलेले, आणि त्यांच्या तोंडावर मी कधी पाहिलं नव्हतं असं काहीतरी होतं. माझ्या मोबाईलमध्ये सूर मोजायचं ॲप आहे. सवयीनं हात गेला.

"काळी चारच ना, मिस्त्री?" बाईंनी डोळे न उघडता विचारलं.

काळी चार म्हणजे दोनशे आठ. मोबाईलवर एकशे शहाण्णव होते, आणि आकडा हलत नव्हता. रूथमावशींचंही वय झालं होतं.

"अगदी तीच," मी म्हणालो.

गेल्या आठवड्यात त्या पेटीचं काम संपलं. अठ्ठ्याहत्तर सूर नवे घातले. काळी चार एकशे शहाण्णवला लावली आहे.